जिरोना-ओलोतच्या खोऱ्यात ग्रॅव्हल रायडिंग: आधी काय, मग काय, आणि लोक नेमके कुठे अडकतात

दरवर्षी एप्रिल आला की मला तेच मेसेज यायला लागतात, अमुक तारखेला बार्सिलोनाला उतरतोय, तीन दिवस जिरोनाला ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरची सायकलिंग, करायचंय, हा रूट बघ बरोबर आहे का. रूट उघडला की ९० किलोमीटर, १८०० मीटर चढ, आणि अर्धी लाईन पायवाटेवरून गेलेली. पुण्यात सिंहगड, वरंधा करणारी दणकट पोरं असतात ही, पायात दम असतो. तरी दुपारी दोनला कुठल्यातरी डोंगराच्या धारेवर बाटल्या रिकाम्या करून बसलेली असतात. दम कमी पडतो म्हणून अडकत नाहीत, गोष्टी उलट्या क्रमाने ठरवतात म्हणून अडकतात. आधी किलोमीटर ठरतात, मग रूट, मग तारीख, आणि पाणी कुठे मिळेल हा विचार सगळ्यात शेवटी. इथे हे सगळं बरोबर उलटं करायचं असतं. म्हणून एकदाच नीट लिहितोय, क्रम मोडू नका.

१. नकाशा उघडायच्या आधी जागा समजून घ्या

स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या ईशान्येला जिरोना शहर आहे, समुद्रसपाटीपासून ७० मीटरवर. तिथून वायव्येला डोंगरात ओलोत गाव, साधारण ४४० मीटरवर, गारोत्चा नावाच्या जुन्या ज्वालामुखींच्या भागात. या दोघांना जोडणारी नॅरोगेज रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली आणि तिच्या मार्गावर आता सायकलचा कच्चा रस्ता आहे, त्याला लोक कारिलेत म्हणतात. ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. तो ओलोतहून निघून वाय देन बास नावाच्या सपाट हिरव्या खोऱ्यातून एक खिंड चढतो, ६०० मीटरच्या थोडं वर, आणि मग ब्रुजेंत नदीच्या खोऱ्याने आमेरपर्यंत आणि पुढे तेर नदीच्या कडेने जिरोनापर्यंत उतरत राहतो.

याच्या शेजारी, मधे एक डोंगररांग सोडून, दुसरं खोरं आहे येमेना नदीचं. ते अरुंद आहे, गावं छोटी, दुकानं जवळपास नाहीत, आणि खरं ग्रॅव्हल तिथे आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कारिलेत हा तुमचा परतीचा दोर आहे. रेल्वेचा मार्ग असल्यामुळे त्यावर कुठेही अंगावर येणारा चढ नाही, दर काही किलोमीटरवर गाव आहे, शेजारून बसचा रस्ता जातो. तर कुठलाही लूप, म्हणजे निघालो तिथेच परत येणारा रूट, आखताना स्वतःला एकच प्रश्न विचारा, या जागी चेन तुटली किंवा मित्राच्या पोटऱ्यांत गोळे आले तर कारिलेतवर किंवा डांबरी रस्त्यावर यायला किती वेळ लागेल. उत्तर एका तासाच्या वर गेलं की तो लूप पहिल्या ट्रिपसाठी नाही.

२. महिना आणि वार

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेर. बस्स. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या भागात पारा ३५ च्या वर सहज जातो आणि आपल्याला वाटतं की आपण तर विदर्भातला मे बघितलाय, पण विदर्भातल्या मेमध्ये आपण दुपारी एक वाजता १२ टक्क्यांच्या चढावर लोड घेऊन सायकल चालवत नाही.

पाऊस हा दुसरा मुद्दा. भूमध्य सागराचा प्रदेश म्हणजे कोरडं हवामान असं डोक्यात घेऊन लोक येतात, पण ओलोतला वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओलोतमध्ये पाऊस नसेल तर कुठेच नसेल अशी तिथली म्हणच आहे. उन्हाळ्याच्या शेवटाकडे दुपारी ढग चढतात आणि चारच्या सुमारास कडकडाट सुरू होतो. जिरोनात लख्ख ऊन असतं तेव्हाही. त्यामुळे हवामान बघताना जिरोनाचं बघू नका, ओलोतचं बघा.

वाराचं गणित कोणी करतच नाही. साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानडुकरांची शिकार चालते, मुख्यतः शनिवार-रविवारी सकाळी. कुत्री सोडून हाका घालतात आणि बंदूकवाले रस्त्याच्या कडेने ओळीत उभे असतात. वाटेच्या तोंडाशी बोर्ड लावलेला असतो, त्यावर "बातुदा", म्हणजे हाका, हा शब्द दिसला की तिथून मागे फिरायचं, वाद घालायचा नाही, पुढे जाऊन बघूया असं करायचं नाही. शरद ऋतूत येत असाल तर डोंगरातला दिवस मधल्या वारी ठेवा आणि रविवार कारिलेतला द्या.

तपासा: उन्हाळ्याच्या दिवसांत वणव्याच्या धोक्याचा नकाशा रोज निघतो, त्याला प्ला आल्फा म्हणतात, पातळी ० ते ४. चार असेल तर त्या डोंगरात प्रवेशच बंद होऊ शकतो. आणि १५ मार्च ते १५ ऑक्टोबर जंगलात आणि जंगलापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात उघडी आग पेटवायला बंदी असते, तेव्हा खिंडीत स्टोव्हवर चहा करायचा बेत असेल तर तो घरीच ठेवून या.

३. सायकल: भाड्याने की स्वतःची

तीन-चार दिवसांसाठी भाड्याने घ्या. जिरोनात प्रोफेशनल रायडर मोठ्या संख्येने राहतात त्यामुळे चांगली दुकानं भरपूर आहेत. स्वतःचे पेडल आणि सवयीचं सीट तेवढं आणा. आठवड्याच्या वर राहणार असाल तरच सायकल बॉक्समध्ये भरून आणायचा खटाटोप करा.

बुकिंग करताना मेसेजमध्ये या गोष्टी लेखी विचारा, फोनवर सगळेच हो म्हणतात:

टायर किती रुंद, ४० एमएमच्या खाली असेल तर नको, ४५ मिळाला तर उत्तम. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, आहे का आणि सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारं द्रव, ताजं आहे का. सगळ्यात हलका गिअर कोणता. पुढे ४० किंवा ४२ दातांची चकती असेल तर मागे निदान ४२ दात हवेत, म्हणजे एकास एक तरी पडतं. मागे ३४ वर संपणारी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, या डोंगरात घेऊन गेलात तर शेवटचे चढ ढकलत जाल. आणि स्पेअर हँगर देतात का, कारण डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, जिथे लटकतो तो छोटा तुकडा वाकला की त्या मॉडेलचाच लागतो, दुसरा चालत नाही.

हवेचा दाब. हे लोक हमखास चुकवतात. ७० किलोच्या माणसाला ४० एमएमच्या ट्यूबलेसमध्ये ३२ ते ३५ पीएसआय, पुढच्या चाकात त्याहून दोन-तीन कमी. ४५ असेल तर आणखी थोडं उतरवा. रोडबाइकच्या सवयीने ५०-६० भरून आलेला माणूस पहिल्या उतारावरच ओळखू येतो, सायकल सगळीकडे उडत असते आणि तो हँडलला घट्ट चिकटलेला असतो. आत ट्यूब असेल तर मात्र चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर रिम आदळून ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात.

थांबा, ब्रेक बघा. भारतात बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. स्पेनमध्ये उलटं, उजव्या हाताला मागचा आणि डाव्या हाताला पुढचा. साधं वाटतं पण घाबरल्यावर हात विचार करत नाही, सवयीचं करतो. डावा म्हणजे मागचा असं समजून आपण डावा करकचून दाबतो आणि पुढचं चाक मुरमावर लॉक होतं. दुकानातून निघाल्यावर मोकळ्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये १५ मिनिटं फक्त ब्रेक मारत फिरा, बसून, उभं राहून, वळताना. ही १५ मिनिटं मी प्रत्येकाला करायला लावतो आणि कोणी कुरकुर केली तरी ऐकत नाही.

४. रूट आखणं

या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या.

आधी मुक्कामाची जागा आणि कारिलेतची रेघ नकाशावर टाका. मग पाणी आणि खाणं मिळणारी गावं मार्क करा: सांत फेलिऊ दे पायेरोल्स, लेस प्लानेस, आमेर, आंग्लेस, बेस्कानो ही कारिलेतवरची, आणि येमेनाच्या बाजूला सांत ग्रेगोरी आणि सांत मार्ती. सांत मार्तीच्या वर गेलात की काही मिळेल असं धरू नका. हे झाल्यावर मग रेषा जोडायला घ्या. किलोमीटर आपोआप निघतील, त्यांच्याकडे शेवटी बघा.

रेषा जोडताना कोमूट किंवा तत्सम रूट आखायचं अ‍ॅप जी लाईन देईल ती जशीच्या तशी घेऊ नका. या अ‍ॅप्सना इथल्या लांब पल्ल्याच्या चालायच्या वाटा फार आवडतात, नकाशावर त्या जीआर म्हणून दिसतात आणि जागेवर झाडांवर-दगडांवर लाल-पांढरे पट्टे असतात. या वाटा माणसांच्या पायांसाठी आहेत, पायऱ्या, कातळ, मुळं. दोन किलोमीटरचा जीआरचा तुकडा म्हणजे पाऊण तास सायकल खांद्यावर. मी स्वतः एकदा येमेनाकडून रोकाकोर्बाच्या डोंगरावरून बान्योलेसच्या तळ्याकडे उतरायची अशी सरळ रेघ पकडून गेलो होतो, नकाशात शॉर्टकट दिसत होता, प्रत्यक्षात कमरेएवढ्या काटेरी झुडपांतून सायकल डोक्यावर धरून उतरलो आणि नडग्यांवरचे ओरखडे महिनाभर होते.

त्यामुळे तीन ठिकाणी पडताळा. एक, कॅटलोनियाच्या सरकारी नकाशा संस्थेचे, आयसीजीसीचे नकाशे, फुकट आहेत आणि इतके बारीक की गाडीवाट आणि पायवाट वेगळी कळते. दोन, स्ट्राव्हा अ‍ॅपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून किती जातात ते रंगात दाखवणारा नकाशा, सायकल फिल्टर लावून. लाईनवर ठळक रंग असेल तर लोक खरंच तिथून जातात, अगदी फिकट असेल तर कोणीतरी एकदा चुकून गेलेलं असतं. तीन, विकिलोक, हे अ‍ॅप जिरोनातच जन्मलंय आणि स्थानिक लोक तेच वापरतात, तिथे त्याच तुकड्याचे फोटो बघा. फोटोत दोन चाकोऱ्या दिसल्या तर जा, एकच पायवाट दिसली तर लाईन बदला.

आता वेळ. रोडवर तुमचा वेग काय आहे ते विसरा. माझा हिशोब असा, सपाट ग्रॅव्हलला ताशी १८ किलोमीटर धरायचे आणि वर प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं वाढवायची. म्हणजे ६० किलोमीटर आणि १००० मीटर चढ असेल तर साधारण पाच तास नुसतं पेडल मारणं, थांबे वेगळे. पहिल्या दिवशी यापेक्षा मोठं काही नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, आणि आदल्या दिवशी सातच्या सुमाराला मावळलेला सूर्य अचानक सहाला मावळतो. त्या आठवड्यात येणारे दरवर्षी कोणीतरी अंधारात सापडतातच.

तपासा: रूटची फाइल सायकल कॉम्प्युटरमध्ये टाकली, फोनमध्येही टाकली, आणि त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवला. येमेनाच्या वरच्या टोकाला आणि दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर नेटवर्क गायब होतं.

५. आदल्या संध्याकाळी

पाणी: ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि खिशात-बॅगेत अर्धा लिटर जादा. टूल: मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायची कडी (क्विकलिंक), दोन ट्यूब ट्यूबलेस असली तरी, टायरला आतून लावायला एक तुकडा, भोक बुजवायचे प्लग, हातपंप. हवा भरायची गॅसची छोटी सिलिंडरं विमानात आणू नका, नियमांचा घोळ होतो, पंप पुरतो. पुढचा-मागचा दिवा हवाच, कारण कारिलेतवर आणि रस्त्यांवर छोटे बोगदे आणि दाट सावलीचे पट्टे आहेत.

कायद्याचं थोडक्यात: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. कानात इयरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, दंड होतो. दारू पिऊन सायकल चालवली तरी दंड होतो. रस्त्याची उजवी बाजू धरायची, हे कच्च्या वाटेवरही, आंधळ्या वळणावर समोरून ट्रॅक्टर येतो तेव्हा आपली डावीकडे जायची सवय घात करते.

६. पहिला दिवस: ओलोतहून खाली

पहिल्या दिवशी कारिलेत आणि तोही ओलोतहून जिरोनाकडे. लोक जिरोनाहून चढायला सुरुवात करतात, दिवसभर हळूहळू चढत संध्याकाळी ओलोतला पोहोचतात आणि मग कळतं की सायकलसकट परतीच्या बसमध्ये जागा नाही. उलटं केलंत तर बसचा प्रश्न सकाळीच सुटतो, नाहीच मिळाली जागा तर तुम्ही जिरोनातच आहात, दुसरा बेत करता येतो.

बसच्या पोटात सायकली मोजक्याच घेतात. आदल्या दिवशी विचारून ठेवा, बस सुटायच्या अर्धा तास आधी पोहोचा, पुढचं चाक काढून ठेवा आणि चेनवर एखादं जुनं फडकं गुंडाळा. चारपेक्षा जास्त जण असाल तर बसच्या नादी लागू नका, सायकली नेणारी व्हॅन आदल्या दिवशी ठरवा.

ओलोतहून सुरुवातीचे किलोमीटर सपाट, दोन्ही बाजूला मक्याची शेतं आणि गाई, मग खिंडीचा चढ येतो, तो इतका मंद आहे की कळत नाही. इथे जोर लावायचा नाही. खिंडीनंतर सांत फेलिऊ दे पायेरोल्स, तिथे पहिला थांबा घ्या. पुढे लेस प्लानेस, मग आमेर. आमेरपर्यंत उतार जाणवतो, सायकल स्वतःच पळते, आणि नेमक्या याच पट्ट्यात अपघात होतात.

कारण कारिलेत तुमच्या एकट्याचा नाही. आजी-आजोबा फिरायला आलेले असतात, ढकलगाडीतलं बाळ असतं, सुटा कुत्रा असतो, चार वर्षांचं पोर छोट्या सायकलवर नागमोडी चाललेलं असतं. घंटी लावा, वीस-पंचवीस मीटर आधी वाजवा, "ओला" म्हणा, वेग उतरवा आणि मगच पुढे जा. शिवाय प्रत्येक गाडीरस्त्याच्या क्रॉसिंगला मधोमध खांब असतात. ग्रुपमध्ये मागच्याला ते दिसत नाहीत, पुढच्याने हात करून ओरडून सांगायचं.

आंग्लेसच्या पुढे तेर नदीच्या कडेने जवळजवळ सपाट आहे. बेस्कानो, साल्त, आणि मग जिरोनाच्या हद्दीत बोर्ड विरळ होतात आणि लोक चुकतात. तिथे फक्त नदी सोडू नका, देवेसा नावाच्या उंच झाडांच्या मोठ्या बागेपाशी आलात की शहरात पोहोचलात.

तपासा, संध्याकाळी: पाठ-मान-तळहात यातलं काय दुखतंय? तळहात बधिर झाले असतील तर दाब जास्त आहे, दोन पीएसआय उतरवा. टायरवर बोट फिरवून काच-काटा बघा. दुसऱ्या दिवशीचं भवितव्य या दहा मिनिटांत ठरतं.

७. दुसरा दिवस: येमेनाचा लूप

जिरोनाहून सांत ग्रेगोरी, तिथून येमेनाच्या खोऱ्यात शिरायचं. खोऱ्यातून जीआय-५३१ हा डांबरी रस्ता वर जातो आणि कच्च्या वाटा त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतांतून, ओकच्या रानातून, जुन्या दगडी वाड्यांच्या अंगणाजवळून जातात. माझी पद्धत अशी, सांत मार्तीपर्यंत कच्च्या वाटेने, निवांत. सांत मार्तीला थांबून निर्णय घ्यायचा. घड्याळात किती वाजले, किती पाणी उरलं, ग्रुपमधला सगळ्यात मंद माणूस कसा दिसतोय, आणि ओलोतच्या बाजूला ढग आहेत का. चारांपैकी एकही उत्तर वाईट असेल तर डांबरीने खाली यायचं, तासाभरात जिरोना.

चारही ठीक असतील तर वर सांत एस्तेवे आणि सांत अनिओल दे फिनेस्त्रेसच्या बाजूला, आणि तिथून डोंगररांग ओलांडून लेस प्लानेसला उतरायचं. पलीकडे कारिलेत तुमची वाट बघत असतो आणि कालचाच ओळखीचा उतार घेऊन घरी. तुमची लाईन कशी आहे त्यावर अवलंबून, पण सगळं मिळून ७० किलोमीटरच्या आसपास जातं.

सकाळी लवकर निघा, सातला सायकलवर. दुपारी एकच्या आत रांग ओलांडलेली हवी. उशीर झाला तर सगळं एकावर एक येतं: ऊन, संपलेलं पाणी, बंद झालेली स्वयंपाकघरं, आणि दुपारचे ढग.

हा लूप उलटा करू नका. कारिलेतने वर जाऊन रांग चढून येमेनात उतरलात तर दमलेल्या अवस्थेत अनोळखी, सैल उतार येतात आणि खाली मदतीला काहीच नाही.

८. वाटेवर: सैल मुरूम, शेवाळ, साखळी

या भागात जमीन बदलत राहते आणि प्रत्येक जमिनीवर हात वेगळा हवा. ग्रॅनाइट झिजून झालेल्या पिवळसर भुग्याला इथे सावलो म्हणतात, जिरोनाच्या आग्नेयेकडच्या गाव्हारेस डोंगरातही तो काही भागांत लागतो. आपल्या मुरमासारखाच समजा. पाऊस पडून गेल्यावर तो घट्ट बसतो आणि चालवायला सुंदर. आठ दिवस ऊन खाल्लं की कडक जमिनीवर नुसत्या गोळ्या पसरल्यासारखा होतो. अशा ठिकाणी वळणाच्या आधी ब्रेक संपवायचा, वळणात ब्रेक सोडायचा, वजन बाहेरच्या पायावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. वरच्या भागात चिकणमाती लागते, ती ओली असेल तर टायर आणि फ्रेमच्या मधे इतकी बसते की चाक फिरेनासं होतं. तशी दिसली तर उतरून गवताच्या कडेने ढकला, तरी चिकटलीच तर काडीने काढा, जोर लावून फिरवू नका, डिरेलर तुटतो.

ओढ्यांवर छोटे सिमेंटचे सांडवे असतात, वरून दोन-चार सेंटिमीटर पाणी वाहत असतं. दिसायला अगदी निरुपद्रवी. मागच्या ऑक्टोबरमध्ये माझ्या पुढे दहा मीटरवर एक मित्र अशा सांडव्यावर गेला, हँडल इंचभरसुद्धा वळवलं नव्हतं, नुसतं पुढच्या ब्रेकला बोट लागलं आणि सायकल बाजूला निघून गेली. मी उतरून चालत गेलो तर माझाही बूट सरकत होता, पाण्याखाली हिरवं शेवाळ साबणासारखं. मनगटाचं हाड मोडलं त्याचं. सांडव्यावर नियम सोपा आहे: आधी वेग कमी, मग सरळ रेषा, पेडल बंद, ब्रेकवरची बोटं काढून घ्यायची. पाणी जोरात किंवा गढूळ असेल तर उतरून चालत, आणि पावसानंतर तळ दिसत नसेल तर मागे.

दुसरी गोष्ट साखळी. गाड्या जाऊ नयेत म्हणून जंगलातल्या वाटांच्या तोंडाशी दोन खांबांत साखळी किंवा बारीक वायर ताणलेली असते. उन्हातून गर्द सावलीत शिरताना डोळ्यांना दोन सेकंद काही दिसत नाही, आणि साखळी नेमकी तिथेच असते, छातीच्या नाहीतर चाकाच्या उंचीवर. वाटेचं तोंड, दोन खांब, किंवा सावलीची सीमा दिसली की वेग चालण्याइतका करा. साखळी म्हणजे सायकलला बंदी असंच नाही, पण सोबत खाजगी मालमत्तेचा बोर्ड असेल तर वळून दुसरी वाट घ्या.

गुरांची फाटकं जशी होती तशी ठेवून जायचं, बंद होतं तर बंद. वाड्यांवरचे कुत्रे धावत आले तर पळवू नका सायकल, उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे ठेवा, शांत आवाजात बोलत चाला. फेब्रुवारी ते एप्रिल पाईनच्या झाडांखाली केसाळ अळ्या एकामागे एक रांगेत चालताना दिसतात. त्यांना हात लावू नका, त्यावर बसू नका, केसांनी अंगाची आग होते.

गारोत्चात फाजेदा देन जोर्दा नावाचं लाव्हाच्या थरावर उगवलेलं बीचचं रान आहे, सगळ्यांना तिथे सायकल घालायची असते. तिथल्या चालायच्या वाटा चालायलाच आहेत. सायकल लावून पायी जा, बोर्डवर लिहिलंय ते पाळा. पाच-सहा जणांनी हट्ट केला की पुढे सगळ्यांनाच बंदी येते.

९. पाणी आणि खाणं

गावोगावी दगडी झरे-नळ असतात, त्यांना "फॉन" म्हणतात. "आइग्वा नो पुताब्ला" लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. "नो त्राक्तादा" म्हणजे शुद्ध न केलेलं, स्थानिक माणसं पितात पण आपल्या पोटाचा भरवसा नसेल तर टाळा, टोपी भिजवायला वापरा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे बारमध्ये कॉफी घ्यायची आणि बाटल्या भरून मागायच्या, आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. पण सोमवारी-मंगळवारी गावातला एकुलता एक बार बंद असू शकतो. बेकरी दुपारी दीडच्या सुमारास बंद, जेवण एक ते साडेतीन, त्यानंतर रात्री साडेआठशिवाय गरम काही नाही. त्यामुळे बाराच्या आधी काहीतरी विकत घेऊन खिशात टाका, भूक नसली तरी.

शाकाहारी मंडळींसाठी खास: "व्हेजिताल" सँडविच मागवू नका. नावात भाजी आहे पण आत बहुतेक वेळा टूना मासा आणि अंडं असतं. एका मित्राची आई उपासाच्या दिवशी फसली होती, त्या माऊलीला दिवसभर वाईट वाटत होतं. "सेन्से कार्न, सेन्से पेश, सेन्से तोन्यिना" (sense carn, sense peix, sense tonyina), म्हणजे मांस नको, मासा नको, टूना नको, हे फोनवर लिहून दाखवा. टोमॅटो चोळलेला पाव आणि चीज सगळीकडे मिळतं. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा मिळाली तर जरूर घ्या, भरताची आठवण येते, फक्त वर खारवलेला मासा ठेवत नाहीत ना ते विचारा. घरून आणलेली चिक्की आणि मेतकूट-पोह्याची पिशवी मी अजूनही सोबत ठेवतो, कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा पोटाला बरी.

१०. काही बिघडलं तर

आपत्कालीन नंबर ११२. माय-११२ हे अ‍ॅप आधीच उतरवून नाव-नंबर भरून ठेवा, कॉल करताना तुमचं लोकेशन त्यातून जातं. अ‍ॅप नसेल तर आधी सायकल कॉम्प्युटरवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, मग जवळचं गाव आणि तालुका सांगा. नुसतं "सांत मार्ती" म्हणू नका, कॅटलोनियात सांत मार्ती ढीगभर आहेत, "सांत मार्ती दे येमेना" असं पूर्ण नाव हवं. जखमी माणसाजवळ एकाने थांबायचं, दुसऱ्याने वाटेच्या तोंडाशी जाऊन गाडीला दिसेल असं उभं राहायचं. दोघंच असाल आणि नेटवर्क नसेल तर रेंज शोधत धारेकडे चढू नका, खोऱ्यातल्या डांबरी रस्त्याकडे उतरा, तिथे निदान गाडी तरी जाते.

मुक्कामी परतल्यावर अंघोळीच्या आधी गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघा, मिळाली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-साबण लावत बसू नका. सायकल परत करायच्या आधी माती साध्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नाही, हँगर आणि दोन्ही रिमचे फोटो काढा, आणि नेतानाचे फोटो शेजारी ठेवून दुकानदारासमोरच दाखवा.